फिकं वर, गडद खाली

पुलावरून मला आमचा निळा दिसायलाच नको होता. पूल आमच्या घराच्या वरच्या अंगाला आहे, आणि आम्हा रंगाऱ्यांच्या घरातून नदीत जे पडतं ते खाली जातं. मुलाचे लहानपणीचे चेंडू खाली गेले, सुनेच्या हातून निसटलेली बादली खाली गेली, एकदा भांडणात मी भिरकावलेला लाकडी पाट खाली गेला. पुलाकडे आमची वस्तू कधी आली नाही. मी कठड्याशी उभी होते ती नवा चष्मा लावून बघायला. दुकानदार म्हणाला होता, आजी, जरा बाहेर जाऊन लांबचं बघा, गरगरलं तर लगेच परत या. म्हणून लांबचं बघत होते. पाण्याच्या मधोमध निळी जीभ दिसली आणि वाटलं, झालं, काचेतच खोट. काच पुसली, जीभ तिथेच. तिथेच कसली, ती पुढे सरकत होती, पुलाकडे, माझ्याकडे. चष्मा काढला तरी अंधूक का होईना, होतीच. जगात निळे पुष्कळ असतील, पण आमचा निळा मला परका वाटणार नाही. त्याच्या पोटात थोडा हिरवा असतो, तो वारा लागला की मरतो. वन्सं तो कालवतात, हौदात बोट बुडवून जिभेच्या टोकावर ठेवतात, डोळे मिटतात आणि मग काय ते ठरवतात. काय ठरवतात ते कोणाला सांगत नाहीत. माझ्या नवऱ्याची बहीण, एका छपराखाली सगळा जन्म काढला आम्ही, पण मलाही नाही सांगितलं.

निळ्याचे हौद आमच्याकडे जमिनीत पुरलेले आहेत, तळच्या खोलीत. त्यातला निळा आपल्या पायांनी बाहेर येत नाही. बाहेरचं पाणी आत शिरलं तरच तो निघतो. म्हणजे नदी घरात होती. आणि घरातून निघालेला निळा पुलाकडे चालत येत होता, म्हणजे नदी उलटी फिरली होती. आणि हौदाच्या खोलीला लागून वन्संचा पलंग. दुपारची वेळ, कामगार जेवायला गेलेले, मुलगा आणि सून दुकानात, वन्सं एकट्या, गुडघे गेलेल्या. हे सगळं एकापाठोपाठ नाही, एकदम कळलं. मी पिशवीतून फोन काढला. माझी बोटं रंगाने जाड झालेली, फोनला ती बोटंच वाटत नाहीत, तीनदा दाबावं तेव्हा एकदा लागतं. लागला.

"वन्सं, वर जा!"

"कोण बोलतंय?"

"मी बोलतेय, मी. पाणी आलंय. वर जा आधी!"

"पाणी आलंय ते मला सांगतेस? पलंगाखाली डबडब वाजतंय. तू कुठे उलथलीस पण?"

"ते मरू दे. वर जा हो! काही घेऊ नका, काही बघू नका, आहात तशा वर जा!"

पुढे खरखर झाली आणि फोन मेला.

मी चालायला लागले. धाग्याला फोन केला. धागा म्हणजे माझा मुलगा. जन्मला तेव्हा इतका किडकिडीत की कामगारांनी धागा म्हणून हाक मारली ती चिकटली, आता पोट टेबलाच्या खणाला अडतं तरी धागाच. म्हटलं, दुकान टाक आणि घरी पळ, आत्या एकटी आहे. तो म्हणाला, आई, निघालोच आहे, पण सगळा रस्ता तुंबलाय. पुलाच्या टोकाला आले, पायरी उतरायला कठडा धरला, आणि तेव्हा मी काय बोलले ते माझ्याच कानांना ऐकू आलं. वर जा. मी म्हणाले होते वर जा.

आमच्या घरात वर म्हणजे छताकडे नव्हे. आमच्याच काय, या सगळ्या शहरात, निदान माझ्या वयाच्या माणसांत, वर म्हणजे जिकडून नदी येते तिकडे आणि खाली म्हणजे जिकडे ती जाते तिकडे. जिना चढायचा तर 'माडीला' जायचं. वर जायचं ते काठाने. ही इथली बोली आहे आणि ती मला फार महाग पडलेली आहे. मी कोरड्या गावची. आमच्याकडे विहीर होती आणि वर म्हणजे आभाळाची बाजू, जशी ती देवाने केली तशी. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सासू म्हणाली, पांढरं घेऊन वर हो, मी आलेच. मी गाठोडं उचललं आणि माडीवर जाऊन उभी राहिले. सासू येईना. मी उभीच. खाली नाही जायचं, सांगितलंय ना वर हो म्हणून. मला आठवतं ते गाठोड्याचं ओझं नाही, खालून येणाऱ्या हाका आठवतात. आधी साध्या, मग लांबलांब, मग बायकांच्या रडक्या. सगळं घर काठाने पळत होतं, नवी सून पाण्यात गेली म्हणून. मी माडीच्या खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, कोण गेलं बाई बिचारं. शेवटी वन्संना मी सापडले. त्या तेव्हा दोन वेण्यांच्या होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, अंगठ्यापासून कोपरापर्यंत पिवळ्या. मला बघून आधी पांढऱ्याफटक पडल्या आणि मग भिंतीला धरून धरून हसल्या. अगं बाई, ही तर माडीवरची! बस. घरात, कामगारांत, शेजारी, मी माडीवरची. मुलगा झाला तरी माडीवरच्या बाईला मुलगा झाला.

मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, थांबा. तुमची नदी तुमच्यापेक्षा बरी बोलून दाखवते. आणि दाखवली. सहा महिन्यांत जिन्याला 'वर' म्हणणं माझ्या तोंडातून गेलं. कोणाच्या पाणचट बोलण्याला 'खालचं' म्हणायचं, सुधारलेल्या माणसाला 'वर सरकला' म्हणायचं, मेलेल्याला 'खाली गेला', आणि कोणी भांडून निघाला की 'जा, गेलास खाली!' हे सगळं मी असं म्हणायला लागले की सासूच चपापायची. पांढऱ्या कामाच्या, म्हणजे कोरं कापड धुवायच्या, पायऱ्या सगळ्यात वर, नदीच्या वळणाशी. त्याखाली पिवळा, मग लाल, आणि आमच्या दाराशी निळा आणि काळा. फिकं वर, गडद खाली. म्हणजे गडदाचा डाग फिक्याला कधी लागत नाही, पाणी त्याला पुढे घेऊन जातं. हा नियम आमच्या घराने शहराकडून घेतला की शहराने आमच्याकडून, मला माहीत नाही. पण शहरही तसंच होतं. वर डॉक्टर, शाळा, पांढऱ्या भिंतींची घरं. खाली कातडी कमावणारे, साबण उकळणारे, खाटीक, आणि त्यांच्या दारातून आमचे सगळ्यांचे रंग. मुलगी वर द्यावी, सून खालून आणावी. घर भाड्याने घ्यायचं तर आधी विचारायचं, तुमच्या वर काय आहे? तुमच्या खाली काय आहे ते कोणी विचारत नाही. ते त्यांनी बघावं. मी ना वरची ना खालची, म्हणून मला कुठे बसवावं हे सासूला मरेपर्यंत कळलं नाही. वन्संना कळलं होतं. त्या मला पाण्यात बघायच्या. आणि नदीच्या घरात पाण्यात बघण्याइतकी सोय दुसरी कुठली!

आज घाबरले तेव्हा एवढ्या वर्षांची नदी माझ्या तोंडातून निघून गेली आणि विहिरीच्या काठची पोर ओरडली, वर जा. मला म्हणायचं होतं माडीला जा. आणि ऐकणारी कोण? जिची नाळ या काठावर पुरली आहे ती. वर जा म्हटल्यावर ती काय करणार? काठी उचलणार, नदीकडचं दार उघडणार आणि काठाने वर चालायला लागणार, पांढऱ्या पायऱ्यांकडे. गेल्या कित्येक वर्षांत तिने जिन्याला पाय लावलेला नाही. जिना म्हणजे वहिनीचं माहेर, मी कशाला जाऊ, असं म्हणून आल्यागेल्याला हसवते. मीच तिला पाण्यात घातलं. हे वाक्य मनात आलं आणि मी ते झटकलं, कारण ते बरोबर घेऊन मला घरी पोचता आलं नसतं.

गल्ल्या आमच्याकडच्या सगळ्या उतरत नदीला येतात. पूर्वी घरांची तोंडंही नदीकडे होती. मग नदीचा वास यायला लागला तेव्हा एकेकाने पाठ फिरवली, मोऱ्या तिकडे, दारं इकडे. आपणच घाण करायची आणि आपणच नाक मुरडायचं. मग अलीकडे शहराला एकाएकी लाज वाटली. नदी अशी बारीक, काटकी, पाहुण्यांना काय दाखवायची? म्हणून खाली, दुसरी नदी येऊन मिळते त्याच्याही पलीकडे, लोखंडी दरवाजे बांधले. दरवाजे टाकले की पाणी भरून राहतं, आरशासारखं. काठाने बाकं, दिवे, फिरायला फरशा. संध्याकाळी पोरंपोरी हातात हात घालून त्या आरशाकडे पाठ करून फोटो काढतात. मी तेव्हाच म्हणाले होते, नदीला उभं करून ठेवलंय, बघा, एक दिवस बसेल. धागा म्हणाला, आई, तू प्रत्येक गोष्टीत वाईट बघतेस. बघते. कोणीतरी बघायला हवं. डोंगरावर सकाळपासून पाऊस पडत असणार, ती दुसरी नदी भरून आली असणार, आणि दरवाजे बंद. अडवलेल्या म्हशीसारखी ती मागे फिरली, आमच्या नदीत घुसली, आणि आमची नदी आमच्या घरात.

निम्म्या वाटेवर गटारांच्या जाळ्यांतून पाणी बुडबुडत वर येत होतं. दुकानदार माल फळ्यांवर चढवत होते. कोणी म्हणालं, दरवाज्यांची मोटर अडकलीय म्हणे. कोणी म्हणालं, किल्ली असलेला साहेब सापडत नाहीये. एक तरुण पोरगा फोन बघत माझ्यासमोर आला. "आजी, पुढे नका जाऊ. इथून डावीकडे घ्या आणि मग उजवीकडे."

"उजवं-डावं चपलेचं असतं बाबा. पाणी वर चढलंय की खाली, ते सांग."

त्याने फोनमधून डोकं काढलं. मग म्हणाला, "पाणी… सगळीकडे आहे, आजी." आणि खरंच होतं की. वर-खाली असायला पाणी चालतं असावं लागतं. मला त्याचा राग आला आणि त्या रागानेच पुढचा चढ-उतार पार पडला, नाहीतर मी तिथेच बसले असते.

चालता चालता मला नको तेव्हा आठवत होतं. धागा तान्हा असताना त्याला नदीची ओल बाधायची, छाती घरघरायची. मी त्याला मागच्या अंगाला घेऊन जायची. पांढऱ्या पायऱ्यांपासून एक बोळ निघतो, शिंप्याच्या भिंतीला खेटून, आणि चढत चढत उघड्यावर येतो. तिथे एक कोरडा तुकडा आहे, खडे आणि ऊन, काही उगवत नाही. मला तो बघून छातीत मोकळं व्हायचं. मी त्याला म्हणायची, चल माळावर, चल माझ्या राजा, माळावर. त्याचा पहिला धड शब्द 'आई' नाही, 'माळ'. सासूने ऐकलं आणि हसली, माळ म्हणे! उकिरडा तो. वन्संही हसल्या. खरं तर त्यांच्याकडे त्या जागेला शब्दच नव्हता. काठाने वर जायला शब्द, खाली जायला शब्द. नदीकडे पाठ करून लांब जायला या लोकांनी शब्दच केला नव्हता. कोणाला कधी जावंसंच वाटलं नसेल. मग मीही तो शब्द टाकला. पोर शाळेत जायला लागलं, छाती सुधारली. तो तर विसरलाच असणार, मीही विसरले असं धरून चालले होते.

घराशी पोचले तेव्हा गुडघाभर पाणी, गार, आणि त्यात तो निळा, भिंतीला ओल्या कापडासारखा लपेटलेला. धागा आणि सून नुकतेच आलेले. तळच्या खोलीत पलंगाचे पाय बुडालेले, वन्संच्या उशीवर अजून डोक्याचा खळगा. फोनचा रिसीव्हर पाण्यावर वायरीला धरून हेलकावत होता. काठी नव्हती. नदीकडचं दार सताड उघडं होतं, आणि पाणी दारातून आत येत होतं जणू घरचंच.

"आत्या?" धागा ओरडला. "आत्या!"

"वर गेली असेल," मी म्हणाले. माझा आवाज मला कोणाचा तरी वाटला. "मीच सांगितलं तिला वर जा म्हणून."

"वर? या पाण्यात? आई, तू…" मला उलटून बोलायची सवय या घरात मी कोणाला लागू दिलेली नाही. त्याने खिशातला फोन काढून बायकोच्या हातात दिला, भिजेल म्हणून. पायजमा वर ओढला, पोटाखाली गुंडाळला, आणि दारातून बाहेर पडला, पाण्यात, काठाच्या भिंतीला हात लावत लावत. पाठीवरचा पांढरा सदरा दिसत राहिला. मग भिंत वळली. माझा एकुलता एक मुलगा. पोहायला त्याला येतं, पण पोहणं आणि पाणी यांत फरक असतो, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोराला माहीत असतं.

सून माझ्या दंडाला धरून उभी होती. ती लांबची, दुसऱ्याच कुठल्या शहराची, जिथे नदी नाही, नुसत्या टाक्या. लग्न होऊन आली तेव्हापासून छताला वर म्हणते. मी तिला पहिल्या दिवसापासून सांगत आले, माडी म्हण, माडी. आमच्यात वर वेगळं. तिला वळण लागलं नाही. शिकलेल्यांना लवकर लागत नाही.

"आई, आपण वर बघायचं का एकदा?"

"बघायलाच तर गेलाय ना तो वर!"

"नाही, मी म्हणते, वर."

"मी काय फारसी बोलतेय? वरच गेलाय तो! पांढऱ्या पायऱ्यांकडे!"

"आई." तिने माझा दंड सोडला आणि बोट उचललं, सरळ छताकडे. "वर."

मी त्या बोटाकडे बघत राहिले. नखावर चिमूटभर लाल रंग होता, सकाळच्या कामाचा. मला वाटतं मी फार वेळ बघत राहिले, पाणी तेवढ्यात मांडीला लागलं. मग मी जिन्याकडे वळले. पहिल्या काही पायऱ्या बुडालेल्या. त्यांच्या वरच्या पायरीवर एक मोठा, गोल, ओला निळा डाग होता. त्याच्या वरच्या पायरीवर तसाच. त्याच्याही वर. कोणीतरी उलटं बसून, एकेक पायरी मागे सरकत, चढलं होतं.

माडीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कापडाच्या थानांखाली वन्सं बसल्या होत्या, भिंतीला टेकून, काठी मांडीवर, पाय पुढे सोडलेले, कमरेखाली निळ्या. धापा टाकत होत्या. मला बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"आलीस? बरी आठवण झाली."

"तुम्ही इथे? वन्सं, तुम्ही इथे कशा?"

"कशा म्हणजे? तूच ना फोनवर केकाटत होतीस, वर जा, वर जा."

"पण वर म्हणजे… तुमचं वर तर…"

"माझं वर मला माहीत आहे. बोलत कोण होतं, मी की तू?" त्यांनी श्वास घेतला. "रागावलीस की तू नदीचं बोलतेस. लय झोकात बोलतेस. घाबरलीस की विहिरीवरची होतेस. हे मला ठाऊक नाही होय? मी नाही का शोधत फिरले तुला त्या दिवशी? पाण्याने दार ढकललं तशी ढुंगण घासत चढले सगळा जिना. हसलीस तर याद राख."

मी हसले नाही. त्यांच्या शेजारी बसले, थानांच्या ओल्या वासात. त्या मला पाण्यात बघत होत्या असं मी जन्मभर म्हणत आले. बघत तर होत्याच. इतकं नीट बघत होत्या, हे कुठे माहीत होतं. मी त्यांचं वर धरून चालले आणि त्या माझं. दोघी बरोबर होतो, आणि त्या बरोबर असण्यात—

"धागा कुठाय?" वन्संनी विचारलं.

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "वर गेलाय. तुम्हाला शोधायला."

"कुठल्या वर?"

मी उठले होते आधीच. खिडकी नदीकडची, तीच, जिच्यातून मी नवी नवरी असताना स्वतःला शोधणारी माणसं बघितली होती. नवा चष्मा घातला. नदी नदीसारखी नव्हती. एक रुंद, सपाट, मळकट अंग, आणि त्यावर आमचा निळा, वळणाकडे सरकणारा. पिवळ्याच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, लालच्या दिसत नव्हत्या. वळणाशी, पांढऱ्या पायऱ्यांच्या जागी, कमरेच्या वर पाण्यात एक पांढरा सदरा. सदऱ्याची खालची बाजू निळी झालेली. तो एका हाताने खांब धरून वर बघत होता, नदीच्या वर, वळणापलीकडे, आणि तोंडाशी हात धरून हाक मारत होता. हाक ऐकू आली नाही, पण ती कोणाच्या नावाने आहे ते कळलं. त्याने खांब सोडला आणि एक पाऊल आणखी टाकलं. वळणापलीकडे काठ नाही, खोल आहे.

"हाक मार!" वन्सं मागून ओरडल्या. त्यांना उठता येत नव्हतं. "अगं, हाक मार त्याला!"

"काय म्हणू?"

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना विचारलं असेल काय म्हणू. खाली ये म्हणावं तर तो काठाने परत येणार, आणि काठाने आता छातीभर, आमच्या भिंतीशी भोवरा. वर जा म्हणावं तर त्याच्या पुढे वळण. दोनच शब्द होते या घराकडे आणि दोन्हींत पाणी होतं. सून त्याच्या नावाने ओरडत होती. त्याने मान वळवली. आम्हाला बघितलं. मी वन्संकडे बोट केलं, इथे आहे, इथे आहे. त्याला कळलं असावं, खांदे सैल पडले. मग त्याने दोन्ही हात पसरले. कुठून येऊ?

"माळावर!"

माझ्या तोंडून निघालं ते मलाही नंतर कळलं. एवढ्या वर्षांत उच्चारला नव्हता तो शब्द. "माळावर! माळावर जा रे राजा! माळावर!"

तो क्षणभर तसाच उभा राहिला, तो पोटसुटा बाप्या माणूस, निम्मा पांढरा निम्मा निळा. मला वाटलं, नाही कळलं. कसं कळणार. मग त्याने नदीकडे पाठ केली. शिंप्याच्या भिंतीवर तळहात ठेवला, बोळ चाचपला, आणि आत शिरला. सदरा दिसेनासा झाला. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. भिंतीच्या वरच्या टोकाला, उघड्यावर, जिथे ऊन पडलं होतं तिथे, आधी डोकं आलं, मग खांदे, मग सगळा तो, खड्यांवर चार पायांवर, खोकत. मग उभा राहिला. आमच्याकडे बघून त्याने हात हलवला, लहानपणी हलवायचा तसा, पंजा उघडमीट करत.

सून खाली बसून रडायला लागली. मी तिला म्हणाले, आता रडतेस? आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय ओरडलीस तू ते?" वन्संनी विचारलं.

"माळावर."

"कुठाय इथे माळ?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. त्यांना बसल्या जागेवरून दिसत नव्हतं. त्या हसतील म्हणून मी वाट बघितली. त्या हसल्या नाहीत. डोळे मिटले, आणि तो शब्द जिभेच्या टोकावर ठेवून हळूच म्हणून बघितला, माळ, हौदातल्या रंगाची चव घ्यावी तसा.